जळती नदी आणि शहराची पत

पेढीवर बसणाऱ्याला पतीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. गोदामातील माल मोजता येतो, गल्ल्यातील रोकड मोजता येते. पण समोरचा व्यापारी केवळ नावावर विसंबून महिनाभराची उधारी देतो, त्या नावाचे मोल कोणत्या तराजूत करावे? पुस्तपालनाच्या शास्त्राने या अदृश्य मालमत्तेला ‘ख्याती’ म्हटले आणि ताळेबंदात तिला जागाही दिली. मात्र या मालमत्तेची रीत इतर मालमत्तांसारखी नाही. ती मिळवायला पिढ्या लागतात आणि घालवायला एक दुपार पुरते. शिवाय यंत्राचा घसारा मालक स्वतः लिहितो. ख्यातीचा घसारा परके लोक लिहितात, आणि पुष्कळदा मूळ वही न पाहताच लिहितात.

जे पेढीचे, तेच शहराचे. अमुक गावात उधारी बुडते, तमुक गावची माणसे भांडखोर, फलाण्या शहरात जाऊन कोणाचे भले झाले आहे, असे शेरे बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या फिरत असतात. त्या शेऱ्यांवर व्यवहार ठरतात, सोयरिकी ठरतात. अलीकडे व्यापारी घरांतील मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेस जाऊ लागल्यापासून हे शेरे समुद्रापलीकडेही पोहोचले आहेत. बॉस्टन किंवा न्यूयॉर्क म्हटले की वडीलधारी मंडळी समाधानाने मान डोलावतात. क्लीव्हलँडचे नाव निघाले की ‘तिथे काय आहे?’ असा प्रश्न येतो. हा प्रश्न मूळचा येथला नव्हे. तो अमेरिकनांनीच गेली पन्नास-पंचावन्न वर्षे एकमेकांना हसत हसत विचारला आहे. एखाद्या शहराचे नाव कसे पडते, कोण पाडते आणि पडलेले नाव पुन्हा उभे राहण्यास किती काळ लागतो, हे समजून घ्यायचे असेल तर क्लीव्हलँडचे खाते उघडून पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात, ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या दक्षिण तीरावर हे शहर वसले आहे. १७९६ मध्ये कनेक्टिकट लँड कंपनीच्या वतीने जमीन मोजण्यास आलेला मोझेस क्लीव्हलँड हा कायाहोगा नदीच्या मुखाशी उतरला आणि त्याच्या नावाने वसाहत झाली. १८३२ पर्यंत सरोवरापासून ओहायो नदीपर्यंत कालवा पूर्ण झाला आणि त्या वसाहतीची बाजारपेठ बनली. पुढे सुपिरियर सरोवराकडील लोहखनिज जहाजांनी आणि ॲपलाचियन डोंगराळ भागातील कोळसा रेल्वेने याच नदीकाठी येऊन मिळू लागला. जेथे लोखंड आणि कोळसा भेटतात तेथे पोलाद जन्माला येते. १८७० मध्ये जॉन रॉकफेलर यांनी स्टँडर्ड ऑइल कंपनीची स्थापना येथेच केली. १९२० च्या जनगणनेत क्लीव्हलँड हे देशातील पाचव्या क्रमांकाचे शहर होते. १९५० मध्ये त्याची लोकसंख्या ९,१४,८०८ इतकी होती. तेथील वीज कंपनीने १९४४ पासून ‘देशातील सर्वोत्तम ठिकाण’ अशा अर्थाची जाहिरात चालविली होती आणि त्या काळी तिला कोणी हसत नव्हते.

या वैभवाचा हिशेब नदी भरत होती. गिरण्यांचे आम्ल, शुद्धीकरण कारखान्यांचे तेल, शहराचे सांडपाणी आणि लाकडाचा कचरा हे सारे कायाहोगाच्या पात्रात जाई. पाण्यावर तेलाचा थर साचे आणि एखादी ठिणगी पडली की तो पेटे. १८६८ पासून पुढच्या शंभर वर्षांत ही नदी निदान दहा-बारा वेळा पेटली. १९१२ च्या आगीत पाच माणसे दगावली. नोव्हेंबर १९५२ मधील आगीने दहा लाख डॉलरहून अधिक नुकसान केले. तरीही या आगींमुळे शहराच्या नावाला बट्टा लागला नाही. चिमणीतून धूर निघतो आहे म्हणजे घरोघर चूल पेटते आहे, असेच सारे जण समजत. आग हा धंद्याचा खर्च होता. विमा कंपनी आणि बंबवाले तो आपापल्या वहीत लिहून मोकळे होत.

२२ जून १९६९ हा रविवार होता. त्या दिवशी नदी पुन्हा पेटली. पुलावरून जाणाऱ्या आगगाडीची ठिणगी पाण्यावरील तेलकट कचऱ्यात पडली असावी, असे मानले जाते. अर्ध्या तासाच्या आत आग विझली. रेल्वेच्या दोन पुलांचे सुमारे पन्नास हजार डॉलरचे नुकसान झाले. जीवितहानी झाली नाही. आग इतक्या लवकर विझली की ज्वालांचे छायाचित्र काढण्यासही कोणी वेळेवर पोहोचले नाही. स्थानिक वृत्तपत्रांनीही या घटनेचा फारसा गाजावाजा केला नाही.

गाजावाजा झाला तो ‘टाइम’ साप्ताहिकाच्या १ ऑगस्ट १९६९ च्या अंकामुळे. देशातील नद्यांच्या दुर्दशेवरील लेखात कायाहोगाचा उल्लेख आला आणि सोबत धुराच्या लोटांत वेढलेल्या नौकेचे छायाचित्र छापले गेले. ते छायाचित्र १९६९ च्या आगीचे नव्हतेच; ते १९५२ च्या आगीचे होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी म्हण मराठीत आहे. येथे आग एका सालची आणि बदनामी दुसऱ्या सालची असा प्रकार झाला. १९५२ मध्ये त्याच दृश्याने कोणाचेही मन हलले नव्हते, कारण तेव्हा देशाला पोलाद हवे होते. १९६९ पर्यंत देशाला स्वच्छ पाणी हवेसे वाटू लागले होते आणि आपल्या साऱ्या अस्वच्छतेचे खापर फोडण्यासाठी एखादे डोके हवे होते. ते क्लीव्हलँडच्या रूपाने मिळाले.

बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाचे लक्ष मात्र वेगळ्याच नोंदीकडे जाईल. आगीच्या आधी सात महिने, नोव्हेंबर १९६८ मध्ये, क्लीव्हलँडच्या मतदारांनी नदीच्या शुद्धीकरणासाठी दहा कोटी डॉलरचे कर्जरोखे काढण्यास मतपेटीतून संमती दिली होती. म्हणजे साऱ्या देशाने ‘नदी जाळणारे शहर’ असा शिक्का ज्यांच्यावर मारला, त्या लोकांनी शिक्का बसण्यापूर्वीच स्वतःच्या खिशातून नदीचे देणे फेडण्याचा करार केलेला होता. ऋणको हप्ता भरण्यासाठी रांगेत उभा असताना बाहेर त्याच्या नावाची दवंडी पिटावी, तसे हे झाले.

त्या वेळी महापौर होते कार्ल स्टोक्स. नोव्हेंबर १९६७ मध्ये ते निवडून आले, तेव्हा अमेरिकेतील एखाद्या मोठ्या शहराच्या महापौरपदी निवडून येणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. गुलामाच्या या पणतूने ज्यांचा पराभव केला ते सेथ टाफ्ट हे एका राष्ट्राध्यक्षाचे नातू होते. आगीच्या दुसऱ्याच दिवशी स्टोक्स यांनी पत्रकारांना नदीकाठी नेले आणि सांडपाणी व कारखान्यांची घाण कोठून कशी येते ते दाखविले. झाकपाक न करता त्यांनी शहराची खराब वही सर्वांसमोर उघडली. त्याचा परिणाम दूरवर झाला. १९७० च्या अखेरीस देशात पर्यावरण संरक्षणाची स्वतंत्र यंत्रणा आली, १९७२ मध्ये स्वच्छ जलाचा कायदा झाला, आणि या दोन्हींच्या मागे उभ्या असलेल्या लोकमताला कायाहोगाच्या आगीने मोठे बळ दिले. बदनामी एका शहराच्या वाट्याला आली आणि लाभ साऱ्या देशातील नद्यांना झाला.

एकदा नाव पडले की प्रत्येक नवी घटना जुन्या नावाला पुष्टी देऊ लागते. ऑक्टोबर १९७२ मध्ये तत्कालीन महापौर राल्फ पर्क एका समारंभात फीत कापण्याऐवजी धातू कापण्याच्या ज्योतीने ती तोडत होते. ठिणगी उडून त्यांच्या केसांनी पेट घेतला. त्यांना विशेष इजा झाली नाही. दुसऱ्या एखाद्या शहरात ही चार दिवसांची गंमत ठरली असती. क्लीव्हलँडमध्ये तिचा अर्थ असा लावला गेला की येथे नदी पेटते, महापौरही पेटतो. दूरचित्रवाणीवरील विनोदवीरांना आयता विषय मिळाला आणि ‘सरोवरकाठची चूक’ हे टोपणनाव कायमचे चिकटले.

या नावावर शेवटची मोहोर बसली ती १५ डिसेंबर १९७८ रोजी. शहराने घेतलेली सुमारे एक कोटी चाळीस लाख डॉलरची अल्प मुदतीची कर्जे त्या दिवशी देय होती. ती स्थानिक बँकांची होती. एरवी अशा कर्जांचे नूतनीकरण होत असे. या वेळी बँकांनी ते नाकारले. तेव्हाचे महापौर डेनिस कुसिनिच हे अवघ्या ३१ व्या वर्षी निवडून आलेले तरुण गृहस्थ. शहराच्या मालकीची लहानशी वीज कंपनी खासगी प्रतिस्पर्धी कंपनीला विकली तरच मुदतवाढ मिळेल असा दबाव आपल्यावर आणला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. शहराची आर्थिक स्थितीच मुदतवाढ देण्याजोगी नव्हती, अशी बँकांची बाजू होती. कुसिनिच यांनी वीज कंपनी विकली नाही आणि मध्यरात्री शहर थकबाकीदार झाले. १९३० च्या दशकातील महामंदीनंतर अशी वेळ आलेले ते अमेरिकेतील पहिले मोठे शहर.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. शहराचा कारभार अनेक वर्षे चालू खर्च कर्जातून भागवीत आला होता आणि तो दोष बँकांचा नव्हता. पण जग ज्याला ‘दिवाळे’ म्हणाले ते दिवाळे नव्हते. मुदतीला देणे न देणे आणि देणे देण्याची ऐपतच नसणे, यांतील भेद कर्जविभागातील कनिष्ठ कारकुनालाही ठाऊक असतो. शिवाय पुढची नोंद अधिक महत्त्वाची आहे. २७ फेब्रुवारी १९७९ रोजी नागरिकांपुढे दोन प्रश्न ठेवण्यात आले. वीज कंपनी विकावी काय? आणि शहराचा उत्पन्नकर एक टक्क्यावरून दीड टक्का करावा काय? मतदारांनी मोठ्या बहुमताने विक्री नाकारली आणि करवाढ मान्य केली. आपल्यावरच वाढीव कर लादून घेणारा मतदार जगात कोठेही सहज सापडत नाही. १९८० मध्ये शहर थकबाकीतून बाहेर आले. ती वीज कंपनी आजही शहराच्या मालकीची आहे. थकबाकीची बातमी जगभर गेली. परतफेडीची बातमी शहराच्या वेशीबाहेर फारशी गेली नाही.

याचा अर्थ क्लीव्हलँडविषयी बाहेरचे जे बोलतात ते सारे खोटे, असा मात्र नव्हे. शहराच्या अभिमानापोटी खरे दुखणे झाकणे हीसुद्धा एक प्रकारची खोटी वहीच होय. १९५० मधील नऊ लाखांवरून लोकसंख्या २०२० मध्ये ३,७२,६२४ वर आली. कारखाने गेले, त्यांच्यामागे रोजगार गेला. नदीने शहराचे पूर्व आणि पश्चिम असे भाग केलेच होते. वर्णभेदाने ते अधिक खोल केले. दक्षिणेतून पोटासाठी आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना ठरावीक वस्त्यांतच घरे मिळत आणि त्या वस्त्यांत कर्ज देण्यास वित्तसंस्था नाखूष असत. जुलै १९६६ मध्ये हफ वस्तीत उसळलेल्या दंगलीत चार जणांचे प्राण गेले. ज्यांना शक्य होते ते उपनगरांत निघून गेले. जे राहिले त्यांच्यातील गरिबीचे प्रमाण आजही देशात फार वरचे आहे.

२००७ च्या सुमारास गृहकर्जांचे संकट आले, तेव्हा या शहरातील स्लाव्हिक व्हिलेज या वस्तीचा भाग जप्त घरांच्या संख्येत देशात अग्रभागी होता. ऋणकोचे उत्पन्न न तपासता कर्ज द्यायचे आणि कागद पुढे विकून मोकळे व्हायचे, या व्यवहाराची किंमत त्या वस्तीने मोजली. जानेवारी २००८ मध्ये शहराने एकवीस बँका व वित्तसंस्थांवर दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला. पुढे २००९ मध्ये ओसाड घरे ताब्यात घेऊन ती पाडण्यासाठी वा दुरुस्त करण्यासाठी जिल्हा पातळीवर भूमिपेढी स्थापन झाली. शहराचे खरे दुःख हे होते. पण विनोद अजूनही पेटलेल्या नदीवरच चालू होते. परक्याच्या थट्टेचा हा दोष लक्षात घेण्याजोगा आहे. ती खऱ्या जखमेवर बोट ठेवतच नाही. तिला जुने, सोपे, हसण्याजोगे चित्र पुरेसे असते.

जमेच्या बाजूकडे पाहिले तर आश्चर्य वाटते. १९१४ च्या जानेवारीत क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी या बँकेचे अध्यक्ष फ्रेडरिक गॉफ यांनी क्लीव्हलँड फाउंडेशनची स्थापना केली. एखादा दाता विशिष्ट कामासाठी ट्रस्ट करून जातो, काळ बदलतो, ते काम कालबाह्य होते आणि पैसा मात्र जुन्या कागदात अडकून पडतो, ही अडचण धर्मादाय संस्था चालविणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला परिचित असेल. गॉफ यांनी अनेकांची दाने एका निधीत एकत्र केली आणि काळानुसार गरज ठरविण्याचा अधिकार शहरातील जाणत्यांच्या मंडळाला दिला. समाजनिधीची ही जगातील पहिली संस्था. आज या धर्तीच्या संस्था अनेक देशांत आहेत. योगायोग असा की १९७८ मध्ये शहराला मुदतवाढ नाकारणाऱ्या बँकांत गॉफ यांची ही बँकही होती. एकाच पेढीच्या नावावर दोन्ही नोंदी आहेत; शहरांचे आणि संस्थांचे हिशेब असेच गुंतागुंतीचे असतात.

१९२१ मध्ये सुरू झालेल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे नाव भारतीय वाचकांना नवे नाही. हृदयाच्या अडलेल्या रोहिणीला पायातील शीर जोडून वाट करून देण्याची शस्त्रक्रिया डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये याच रुग्णालयात केली आणि ती पद्धत जगभर रूढ झाली. आज भारतात बायपास झालेला कोणताही गृहस्थ, त्याला ठाऊक असो वा नसो, या शहराचा थोडा देणेकरी आहे. स्टोक्स यांची निवड आणि ही शस्त्रक्रिया १९६७ मधली, नदीसाठीचे कर्जरोखे १९६८ मधले आणि आग १९६९ मधली. तीन वर्षांतील चार नोंदींपैकी जगाने शेवटची तेवढी लक्षात ठेवली.

शहराने आपले नाव सुधारण्यासाठी जाहिरातींचा मार्गही चोखाळून पाहिला. न्यूयॉर्क मोठे सफरचंद असेल, तर क्लीव्हलँड हा रसाळ प्लम आहे, अशी मोहीम १९८१ मध्ये निघाली; ती फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. घोषणेने गेलेली पत घोषणेने परत येत नाही. काम केले ते मंद गतीच्या, कंटाळवाण्या उपायांनी. १९७२ मध्ये सांडपाण्यासाठी प्रादेशिक संस्था स्थापन झाली. दशकानुदशके नळ, टाक्या, बोगदे आणि शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. नागरिक पाणीपट्टीसोबत त्याचा खर्च भरीत राहिले. एके काळी जिच्या खालच्या टप्प्यात जलचर टिकत नव्हते, त्या नदीत आज माशांच्या साठांहून अधिक जाती नांदत आहेत. तिच्या खोऱ्यातील वनप्रदेशाला २००० मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१९ मध्ये, आगीला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, अमेरिकन रिव्हर्स या संस्थेने कायाहोगाला ‘वर्षातील नदी’ म्हणून गौरविले.

शहरातील लोकांनी त्या आगीची आठवण पुसून टाकली नाही, हे विशेष. ‘जळती नदी’ हे नाव त्यांनी आपल्या एका उत्सवालाच दिले आहे. ज्या वस्तुस्थितीवर बाहेरच्यांनी हसावे तीच आपण होऊन सांगितली की तिच्यातील विखार निघून जातो, हे व्यवहारचातुर्य जुन्या पेढ्यांनाही ठाऊक होते. ज्याने आपली अडचण सावकाराला स्वतः जाऊन सांगितली आणि ठरल्याप्रमाणे हप्ते भरले, त्याची पत लपवाछपवी करणाऱ्यापेक्षा लवकर सावरते.

व्यापारी घरांना परगावच्या माणसाशी व्यवहार करावाच लागतो आणि प्रत्येक गावी जाऊन चौकशी करणे शक्य नसते. म्हणून ऐकीव माहितीवर काही प्रमाणात विसंबावे लागते. त्यात गैर काही नाही. मात्र कर्ज मंजूर करणारा शहाणा अधिकारी पन्नास वर्षांपूर्वीचा ताळेबंद पाहून निर्णय घेत नाही. तो अखेरच्या तारखेचा उतारा मागवितो, थकबाकी केव्हा झाली हे पाहतो आणि ती केव्हा व कशी फिटली हेही पाहतो. मुलाच्या प्रवेशपत्रावर एखाद्या अनोळखी शहराचे नाव आले, किंवा एखाद्या स्थळाच्या संदर्भात गावाविषयीचा एखादा जुना शेरा कानी पडला, तर एवढीच चौकशी पुरेशी आहे. त्या उताऱ्यात उणी बाजूही असेल, जशी क्लीव्हलँडच्या खात्यात गरिबी आजही आहे. पण निदान ती आजची उणी बाजू असेल, दुसऱ्याच सालच्या आगीचे छायाचित्र नसेल.